चौथी रेघ कुणी पुसायची?

प्रिय मामा,
सप्रेम जयभीम.

आधी घडलं ते क्रमाने लिहिते. माझी ही सवय तुम्हाला आवडायची नाही. "पत्र हाय का पंचनामा?" म्हणायचात. तरी लिहिते.

१. सोमवारी दुपारी तुमचा फोन आला. "शेवट सापडला. कागदावर करून ठेवला हाय. आल्यावर पाय." एवढंच बोललात.
२. मंगळवारी सकाळी दाढी करता करता तुम्ही ओसरीत खाली बसलात. चिखलीच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.
३. मी बुलढाण्याहून अमडापूरला पोचले तेव्हा तुम्हाला बाहेरच्या खोलीत ठेवलं होतं. आपलं टेबल भिंतीकडे सरकवलेलं होतं.
४. टेबलावरचा कागद पुसलेला होता.
५. तो मामीने पुसला होता.
६. त्यावरच्या शेवटाचा फोटो कुणीच काढलेला नव्हता.
७. फिल्म येत्या सोमवारी महोत्सवाला पाठवायची आहे.

सातवं कलम सोडलं तर बाकीचं घडून बरेच दिवस झाले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, सतरंज्या विहारात परत गेल्या. मग आज पत्र कशाला? तर परवा मी मामीला एक प्रश्न विचारला. ती म्हणाली, "मले काय इचारतं? तुह्या मामाले इचार."

म्हणून विचारते आहे. प्रश्न शेवटी येईल. आधी बाकीचं बोलू द्या, फार दिवस कुणाशी नीट बोलले नाही.

फिल्म कशाबद्दल आहे हे तुम्हाला सांगण्यात अर्थ नाही. पण निवड समितीला चार ओळींचा सारांश हवा होता. तो मी एकटीने लिहिला आणि तुम्हाला वाचून दाखवायचा राहिला. हा ऐका:

"एक चौकोन आहे. त्याची एक रेघ निघून जाते. तो म्हणतो, मी अजून आहे. दुसरी जाते. मी अजून आहे. तिसरी जाते. उरलेली चौथी रेघ एकटीच म्हणते, मी चौकोन आहे. ती खोटं बोलते का?"

ठीक आहे का? शेवटचं वाक्य तुम्ही खोडलं असतं. "पायनाऱ्याले इचारू दे ना! तूच काऊन इचारून राह्यली?"

हा प्रश्न तुम्ही विहारातून घरी आणला होता. पौर्णिमेच्या वंदनेनंतर कुणीतरी ती जुनी गोष्ट सांगितली. रथ म्हणजे नेमकं काय? चाक? जू? दांडी? एकेक काढत गेलो तर रथ जातो कुठे? सगळ्यांनी ऐकली आणि सगळे जेवायला गेले. तुम्ही मात्र दुसऱ्या दिवशी, चिखलीच्या रस्त्यावर बस बंद पडली तेव्हा, कंडक्टरला गाठलंत. "साहेब, बस म्हंजे काय हो? चाक का पत्रा?" मी शेजारी बसले होते आणि तुमच्याबरोबर नसल्यासारखी खिडकीबाहेर बघत होते.

"गुरुजी," तो म्हणाला, "जे टायमावर येत नाही, ते बस."

सगळी बस हसली! तुम्ही सगळ्यांत मोठ्याने. मग माझ्याकडे वाकून म्हणालात, "पाय बरं. त्यानं चाकाचं नावच नाही घेतलं."

आणि चौकोन? तो शाळेतला. तुमचे विद्यार्थी जन्मभर दोन डोंगर, मधून सूर्य आणि नदी काढत आले. एका वर्षी तुम्ही त्यांना सांगितलंत, चौकोन काढा, आणि आता त्याला रडवा. वर्गात गोंधळ. "सर, चौकोन कसा रडन?" मागच्या बाकावरच्या एका मुलीने एक कोपरा जरासा खाली ओढला आणि कागद तुमच्यापुढे धरला. "हा रडत नाही सर. दमला हाय." ही गोष्ट तुम्ही मला इतक्या वेळा सांगितलीत की मी ती ऐकणं सोडून दिलं होतं. आता पुन्हा ऐकायला बरी वाटली असती.

तुम्हाला असली चित्रं कुठे भेटली हेही एकदा सांगितलं होतंत. शहरात चित्रकलेची पदविका करत असताना एका प्रदर्शनात गेलात. भिंतीवर नुसते रंगाचे दोन पट्टे. माणूस नाही, झाड नाही, देव नाही. तुम्ही तिथे उभेच राहिलात, शेवटी रखवालदाराने पुढे व्हायला सांगितलं. मी विचारलं, काय दिसलं त्यात? "काही नाही," म्हणालात. "ते चित्र मले काहीच शिकवत नव्हतं वं. लय बरं वाटलं." मास्तर माणसाच्या तोंडून हे ऐकून मला हसू आलं होतं.

मी पुण्याची ॲनिमेशनची नोकरी सोडून आले तेव्हा घरातल्या प्रत्येकाने कारण विचारलं. आई तर अजून विचारते. तुम्ही विचारलं नाहीत. "ऐतवारी मोकळी असतं का?" एवढंच विचारलंत. त्याबद्दल आभार मानायचे राहिले. आता मानते.

मग रविवार ठरले. आठवडाभर कॉलेजात मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवायचं आणि रविवारी पहिल्या बसने अमडापूर. ज्या कडीला माझा पाळणा टांगला होता, त्याच कडीला तुम्ही गावातल्या वेल्डरकडून पाइप जोडून घेतलात आणि कॅमेरा तोंड खाली करून लटकवला. त्याखाली टेबल. टेबलावर एकच जाड कागद, चारी बाजूंनी चिकटवलेला. कपाशीच्या पऱ्हाटीच्या काड्या पत्र्याच्या डब्यात गच्च भरून तुम्ही मामीच्या चुलीत सारायचात, त्याचा कोळसा. मामी ओरडायची, "भाजी करपली तर डब्यातलं खाजा!"

कोळशाने काढायचं, वरून फोटो घ्यायचा, फडक्याने पुसायचं, केसभर सरकवून पुन्हा काढायचं. पडद्यावरच्या एका सेकंदाला अशी बारा चित्रं. चित्र राहत नाही, फोटो राहतो. कागदावर नुसती पुसल्याची करडी सावली साठत जाते.

मी पहिल्याच रविवारी स्पष्ट सांगितलं होतं की एवढ्या चार रेघा संगणकावर मी आठवड्यात हलवून देईन.

"देशीन," तुम्ही म्हणालात. "पन मंग थकन कोन?"

 या प्रश्नाचं उत्तर आता मी आहे. मी थकले आहे, मामा. बसने थकले, पाहुण्यांनी थकले, त्या चौकोनाने थकले. रडले नाही. तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगते.

"हात?" "काढला." "लाइन?" "हाय." बटण. दर फोटोआधी हेच चार शब्द. विजेचा दाब वरखाली झाला की उजेड बदलायचा आणि फिल्ममध्ये कागद लुकलुकायचा. ते मी संगणकावर सारखं करायला निघाले तर म्हणालात, "राहू दे. आपल्या गावाचा उजेड असाच हाय." ते लुकलुकणं मी ठेवलं आहे. मला पटलेलं नाही, पण ठेवलं आहे.

शेजारचे काका एकदा दारात येऊन उभे राहिले होते, आठवतं?
"गुरुजी, शिनेमात हिरोईन कोन हाय?"
"हिरोईन नाही. चौकोन हाय."
"गानं?"
"नाही."
"मारामारी?"
"थोडीशी. रेघा निघून जातेत."
"मंग लोकाइनं पायचं काय?"
"मले बी तेच पायचं हाय," तुम्ही म्हणालात, आणि काका चहा न घेता गेले!

आपला नियम मात्र मी केला होता. निर्णय हवा असला की मी तुम्हाला मोबाइलवर लिहायचे: अमुक दिवसापर्यंत कळवा, उत्तर नाही आलं तर होकार समजते. तुम्ही उत्तर द्यायचा नाहीत. शीर्षकाला नाही, कागदाच्या आकाराला नाही, संगीत न ठेवण्याला नाही. मी चिडायचे, आणि मामी तुमच्या वतीने सांगायची, "गप हाय म्हंजे हाव हाय. माहं लगन बी असंच जमलं."

फक्त एकदा उत्तर आलं. पुण्यातल्या एका मार्गदर्शक सरांनी सुचवलं की चौकोनाचा आवाज तुमचा नको, प्रमाण भाषेत कुणाकडून तरी करून घ्या, प्रेक्षक हसतील. मी ते तुम्हाला जसंच्या तसं पाठवलं. मुदत तीन दिवसांची होती. फोन लगेच आला.

"त्याइले सांग, मंग चौकोन बी पुन्याचाच घ्या."

म्हणजे नको असलं की तुम्ही बोलता. हे मी तेव्हाच ध्यानात ठेवलं.

आता तक्रारी. दोनच आहेत. पहिली: छातीत जळजळतं हे तुम्ही मामीला सांगितलंत आणि ओवा खाल्लात. मला का नाही सांगितलं? मी दर रविवारी तुमच्यापासून हातभर अंतरावर बसत होते. तुम्ही मध्येच कोळसा ठेवून छाती चोळायचात आणि मी म्हणायचे, "मामा, हात." तुम्ही म्हणायचात, "काढला."

दुसरी: शेवट! किती रविवार आपण त्यावर भांडलो. माझं म्हणणं होतं, चौथी रेघ आडवी होऊ दे, जमिनीसारखी, आणि तिथे थांबू. तुम्ही म्हणायचात, नाही, तीही गेली पाहिजे. मग पुसून टाका ना, मी म्हणायचे. "म्या कसा पुसू? चौकोनानं स्वतःले कसं पुसावं? अन् तू काऊन पुसशीन? तुहा काय संबंध? आता हे रेघ कोनी पुसायची, तेवढंच ठरवायचं हाय." या एका वाक्यावर आपलं काम अडून पडलं होतं. शेवटच्या रविवारी मी चौथी रेघ उभी असतानाचा फोटो घेतला आणि वैतागून बस पकडली. सोमवारी तुमचा फोन आला. सापडला म्हणालात. फोनवर सांगायला काय झालं होतं? एक वाक्य तर होतं!

मी सांगा म्हणालेच नाही. मला तासाला जायचं होतं.

मामी काय म्हणाली तेही तुम्हाला कळायला हवं. तिच्याच शब्दांत देते.

"तुह्या मामाले आनून खाली ठेवायचं होतं. टेबल सरकवा लागत होतं. कागदावर ते एक रेघ तशीच होती. मले वाटलं, त्याहीचं पुसायचं राह्यलं. दर ऐतवारी पायते न मी. काढतेत, वरतं पायतेत, पुसतेत. पुसल्याबिगर उठत नाहीत. अर्धं काम टाकून मानसाले कसं पाठवू? मंग त्याहीच्याच फडक्यानं पुसलं. हलक्या हातानं. ते पुसतेत तसं."

दर रविवारी ती चहा घेऊन दारात उभी राहायची ना, आपण "थांब, थांब" म्हणायचो आणि ती थांबायची. तेवढ्यात तिने जे पाहिलं त्यावरून तिला आपलं काम असं कळलं: आपण दोघं कागद पुसतो. फोटोचं बटण तिला दिसत नव्हतं, ते माझ्या मांडीवरच्या लॅपटॉपवर होतं. आपण तिला ते कधी सांगितलं का? मला आठवत नाही. तुम्हाला आठवतं?

त्या दिवशी मी कागद पाहिला. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. एवढ्या बायका भोवती, तुम्ही समोर, आणि ती मला विचारते, "चुकलं काय वं माहं?" मी "नाही" म्हणाले. पण ते "नाही" फार कोरडं निघालं, आणि तिला कळायचं ते कळलं. त्यानंतर ती बाहेरच्या खोलीत आलेली नाही. पाणी मागितलं तर उंबऱ्यावर तांब्या ठेवते. पाहुण्यांना मागच्या दाराने आत घेते. टेबल तिथेच आहे.

नंतर एकदा फोनवर मामीला विचारलं होतं, रेघ कशी होती? "जरासी वाकली होती." कुठे? "काय माईत. उभीच होती का? मी पाह्यलंच नाही वं बरोबर." पुन्हा विचारलं तर रडायला लागली, म्हणून मी विचारणं सोडलं.

पुण्याच्या जुन्या सहकाऱ्यांनी सुचवलं की तुमच्या आधीच्या चित्रांवरून संगणक शेवटची रेघ करून देईल, अगदी तुमच्या हाताची वाटेल अशी. करून देईल, हे खरं आहे. मला ते येतं. पण अंदाजाला मी तुमची रेघ म्हणणार नाही.

मग मला जे येतं ते केलं. पाइप हलला नव्हता. त्याच कॅमेऱ्याखाली, टेबलाच्या पायांच्या जमिनीवरच्या खुणा जुळवून, त्याच ट्यूबच्या उजेडात पुसलेल्या कागदाचा फोटो घेतला. शेवटच्या रविवारचा फोटो माझ्याकडे होताच. संगणकाला सांगितलं, दोन्ही फोटोंत जे सारखं आहे ते काढून टाक, जे बदललं आहे तेवढंच दाखव. साधी वजाबाकी आहे. तुम्ही सोमवारी जे काढलंत ते रविवारनंतरचं. म्हणजे कोळशाचा कण जरी कागदात अडकला असेल तरी दिसायला हवा.

रविवारची रेघ गेली, एवढं दिसलं. सोमवारची दिसली नाही, मामा.

चार बोटं दिसली. डावीकडून उजवीकडे, तुम्ही पुसता तशी, पण रुंदी लहान. फडक्याची वीण दिसली. एका ठिकाणी हात थांबलेला होता, तिथे जरा दाब जास्त होता. मग पुढे गेला होता.

 याला मी संकेत वगैरे मानत नाही. ही वजाबाकी आहे आणि वजाबाकीत जे उरतं ते उरतं. पण "हे रेघ कोनी पुसायची" हा तुमचा प्रश्न मला पाठ आहे.

परवाच्या रविवारी लॅपटॉप स्वयंपाकघरात नेला. मामी भाकरी थापत होती. परातीशेजारी ठेवला. आधी तिला पूर्ण फिल्म दाखवली, तिने कधी पाहिलीच नव्हती! तुमचा आवाज आला, "मी अजून हाय," तेव्हा तिचा हात पिठात थांबला. दुसऱ्यांदा आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा ती पडद्याला म्हणाली, "कुठं हाय? तिघीजनी तर निघून गेल्या." मग तो पुसलेला कागद आला.

"हे माह्या हाताचं का?"
"हो."
"अन् त्याहीची रेघ?"
"तुझ्या बोटांखाली असेल."
"आनता नाही येत तुह्या कंप्युटरमंदी?"
"नाही, मामी. दुसरी करता येईल. तीच आणता येणार नाही."

तवा तापून धूर येत होता. तिने भाकरी टाकली, उलटली, शेकली. मी विचारलं, फिल्म इथे संपवू का? या कागदावर? रेघ उभी, मग हा कागद, मग काही नाही. तुझं नाव टाकते.

"माहं नाव कायले? मी तर खराब केलं."

"पुसलंस. फिल्म पुसूनच झाली आहे."

तेव्हा तिने ते वाक्य म्हटलं, मले काय इचारतं, तुह्या मामाले इचार. मला वाटलं, विषय संपला. पण भाकरी माझ्या ताटात ठेवताना म्हणाली, "दिवस दे बरं त्याहीले. त्याहीले टाइम लागते."

तर प्रश्न असा. चौथी रेघ उभी असलेल्या फोटोनंतर मामीने पुसलेला कागद ठेवायचा, काहीही न सुधारता, लुकलुकण्यासकट. शेवटच्या नावांत "रेखाटन" म्हणून तुमचं नाव, "पुसणं" म्हणून तुम्हा दोघांची. मामीचं तुमच्यानंतर. तुमचा शेवट वेगळा होता हे मला माहीत आहे. कदाचित फार चांगला होता. तो गेला. तो गेला हे मी या फिल्ममध्ये लपवणार नाही. याला तुमची हरकत आहे का?

आणि उत्तर काहीही असो, एक कबूल करते. काम संपलं तरी रविवारची बस सोडणार नाही. टेबलापाशी मी बसेन आणि मामी उंबऱ्यापर्यंत आली की बटण कुठे असतं ते तिला दाखवीन. घाई करणार नाही.

येत्या रविवारी संध्याकाळी मी परतीची बस पकडेपर्यंत कृपया कळवा. नको असेल तर तुम्ही बोलता, हे मला माहीत आहे. उत्तर आलं नाही तर नेहमीप्रमाणे होकार समजेन. मामीलाही तसंच सांगितलं आहे.

तुमची भाची,
विशाखा